मदत हवी आहे: 'मिस्टीरियस आयलंड'चा संपूर्ण मराठी अनुवाद

नमस्कार मंडळी,
मी परभणीचा. शाळेत वाचलेली ज्यूल व्हर्नची 'मिस्टीरियस आयलंड' पुन्हा वाचायला घेतली. १८६५ साली, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, रिचमंडच्या वेढ्यातून बलूनमधून निसटलेली ती पाच माणसं आणि कुत्रा, सगळं जसंच्या तसं आठवत होतं. पण बेटावर त्यांना लपून मदत करणाऱ्या कॅप्टन नेमोचा पूर्वेतिहास माझ्या प्रतीत जेमतेम पानभर आहे.

मूळ फ्रेंचमध्ये नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७च्या उठावात लढलेला. १८७५च्या इंग्रजी अनुवादात इंग्रज सत्तेविरुद्धचा मजकूर बदलला गेला आणि त्या पाचांपैकी इंजिनिअर सायरस स्मिथचा 'हार्डिंग' झाला. माझ्या मराठी प्रतीतही हार्डिंगच आहे! म्हणजे ती त्याच अनुवादावरून उतरली असणार. आपल्याच मातीतला नायक आपल्याच भाषेत असा कापलेला असावा, याचं फार वाईट वाटलं.

इथल्या दोन वाचनालयांत आणि संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या दुकानांत विचारून झालं. सगळीकडे मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्याच. २००१ साली नवे संपूर्ण इंग्रजी अनुवाद आलेत, पण दिवाळीच्या सुट्टीत मला ही बारा वर्षांच्या पुतणीला वाचून दाखवायची आहे, तेव्हा मराठीच हवी. जुनी प्रत चालेल, फाटकीही चालेल. मोबाईलवरची फाईल मात्र नको, हातात धरून वाचायचंय.

तुमच्याकडच्या प्रतीत इंजिनिअरचं नाव स्मिथ आहे का, नेमोच्या तोंडी १८५७ची हकीकत आहे का, आणि असेल तर अनुवादक, प्रकाशक आणि वर्ष कोणतं?