मदत हवी आहे: आईच्या रिएबलमेंटमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट कसा मिळवायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये, मिडलंड्सला राहतो. आई ७६ वर्षांची. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आली आणि कौन्सिलचं (इथल्या स्थानिक प्रशासनाचं) रिएबलमेंट सुरू झालं, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून घरी येऊन केलेली मदत. इथे ही सेवा ६ आठवड्यांपर्यंत मोफत असते. त्यातले ३ संपलेसुद्धा.

त्यासाठी घरी येणाऱ्या मुली फार प्रेमळ आहेत, पण घाईत असतात. आई ओट्यापाशी उभी राहून चहासाठी आलं किसायला लागली, की हातातून किसणी काढून घेतात आणि तिला खुर्चीत बसवतात. काल ती म्हणाली, "अगं, मला आयतं नकोय, मला जमायला हवंय." ऐकून पोटात तुटलं. माणसाला स्वतःचं स्वतः करता यावं, यासाठीच तर रिएबलमेंट असतं ना?

हे नेमकं कसं करायचं, ते ऑक्युपेशनल थेरपिस्टच (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ) सांगू शकेल: ओट्याशी टेकून बसायचं उंच स्टूल, कप न्यायला ट्रॉली, न्हाणीत धरायला दांडा. पण थेरपिस्टची टीम वेगळी आणि तिची वेटिंग लिस्टही वेगळी.

कुणी दोन्ही टीमची एकत्र भेट घडवून आणली आहे का? केअर ॲक्ट २०१४ (इंग्लंडचा प्रौढांच्या देखभालीचा कायदा) खालचं, कुठली मदत लागेल ते ठरवणारं असेसमेंट आत्ताच मागावं, की ६ आठवडे संपल्यावर? मराठी दुभाषी मिळाला का कुणाला? आमच्याकडे गुजराती बाई पाठवल्या होत्या. कृपया लवकर कळवा, दिवस थोडे उरलेत.