अनुभव धागा : पुराचं पाणी कुणाच्या दारात आधी येतं?

डिचोलीहून, धागा सुरू करताना
गोव्यातला २३ जुलै २०२१ चा पूर १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा, असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं. जवळजवळ हजार घरांची हानी झाली. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस असा एकदम कोसळतो, हे समजतं. पण माझ्या अंगणात घोट्याएवढं पाणी आणि नदीकाठच्या वाड्यावर छपराला, हे काही पावसानं ठरवलेलं नाही. पाणी कुठवर आलं ते लिहाच, ओसरल्यावर काय झालं तेही लिहा.

गांजेहून
आम्ही मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे. आजेसासऱ्यांना भाटकारानं घराला जागा दिली ती म्हादई नदीच्या काठाला. वर माड आणि काजू. त्या पहाटे कुत्रं ओरडलं म्हणून उठलो तर चुलीत पाणी. हुंवार, म्हणजे पूर, उतरला की मातीची भिंत बसते, आत जाऊ नका, असं सासूबाईंनी बजावलं. दुपारी पाणी हटलं आणि खरंच भिंत बसली.

भरपाईसाठी घराचे कागद मागितले. मुंडकार कायदा १९७५ चा, पण आमची नोंद कधी झालीच नव्हती. घरपट्टीची पावती चालली नाही. शेजाऱ्यांचं घर नावावर, त्यांचे पैसे आधी आले. त्यांच्यावर राग नाही, बारा दिवस त्यांनीच आम्हाला घरात ठेवून घेतलं.

चोडणहून
आमच्याकडचा पूर खारा. खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतं. तिथल्या मानशीचं, पाणी अडवणाऱ्या झडपेचं, दार भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं; फळ्या कुजल्या की ते राखणं संपलं. पूर्वी गावकरी एकत्र येऊन दरवर्षी बांधाला चिखल घालायचे. १९६४ च्या कूळ कायद्यानं आणि त्याच्या १९७६ च्या दुरुस्तीनं जमीन कसणाऱ्याला मिळाली, हे न्यायाचंच झालं. पण बांध राखणारे हात हळूहळू विखुरले. खारं पाणी शिरलं की मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे जातात. खारं पाणी सोसणारा कोरगुट भात तग धरतो, तोही किती?

ज्यांची पोरं बोटीवर नोकरीला, ते तांदूळ विकत घेतात. माझी काकी दुसऱ्याचं शेत अर्धेलीनं करायची. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर तिचं नाव नाही, म्हणून तिचं काही बुडालं असं कुठल्याच कागदावर नाही.

पणजीहून
मी तिसऱ्या मजल्यावर. अठरा जून नावाच्या रस्त्यावर पाणी तुंबलं की माझी गाडी अडते, एवढंच. स्वयंपाकाच्या ताई पणजीतल्याच मळा भागात तळमजल्यावर भाड्यानं राहतात. भाग सखल, जोराचा पाऊस भरतीच्या वेळी आला की पाण्याला जायला वाट उरत नाही. अशाच एका सकाळी मी त्यांना फोन करून विचारलं, आज येणार ना? त्या खाटेवर उभ्या राहून बोलत होत्या.

इब्रामपूरहून
ऑगस्ट २०१९. तिळारी धरणातून पाणी सोडलं, शापोरा नदी आमच्या केळीत शिरली. इशारा मोबाईलवर आला होता. आम्ही गुरं सोडली, पंप काढून वर नेला. नदीलगतच्या खोपीत आमच्याकडेच कामाला असलेलं परराज्यातलं जोडपं राहायचं. त्यांना सांगायला कुणी गेलं नाही. मीही नाही. पंप आठवला, ती माणसं आठवली नाहीत. काळोखात पोराला खांद्यावर घेऊन ती आपली आपणच चढावर आली. हे आजवर घरातही बोललो नव्हतो.

गांजेहून, पुन्हा
मामलेदाराकडे मुंडकार नोंदीचा अर्ज केलाय, तारखा चालू आहेत. घर चिऱ्यांचं बांधलं, जोतं दोन हात उंच घेतलं, पण जागा तीच. वर जागा मिळाली तर जाल का, असं कुणी विचारलं नाही. आम्ही जाऊ.
इब्रामपूरच्या दादा, ते जोडपं अजून तुमच्याकडेच आहे का? खोप कुठे आहे आता?

इब्रामपूरहून
आहेत. खोप काढली. गोठ्याशेजारी वर दोन खोल्या बांधल्यात. बाई, तुमच्या अर्जासोबत जुन्या घरपट्टीच्या पावत्या सगळ्या जोडा, एकही टाकू नका.