अल्गोरिदमला मराठीत काय म्हणावं? आणि 'कॉग्निटिव्ह'ला?

पाटीपेन्सिल:
एका ऑनलाइन दुकानाचं माहितीपत्रक मराठीत आणतोय. 'अल्गोरिदम' आणि 'कॉग्निटिव्ह कम्प्युटिंग' (संगणकाने माणसासारखं समजून घेणं) पानापानावर आहेत. मी 'क्रमविधी' आणि 'संज्ञानात्मक संगणन' असं लिहिलं. दुकानदाराला वाचून दाखवलं, तर म्हणाला, "हे काय पूजेचं सामान आहे का?" सुचवा काहीतरी.

खानदेशी:
पहिल्यासाठी शब्द शाळेतच आहे: रीत. भागाकाराची रीत, 'रीत दाखवली नाही म्हणून गुण कापले' ती. ठरलेल्या पायऱ्या, कुणीही केल्या तरी उत्तर तेच. मूळ शब्दही त्याच घरातला. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मींनी भारतीय अंकांनी हिशेब कसे करावेत यावर पुस्तक लिहिलं. लॅटिनमध्ये जाताना त्यांच्या नावाचं रूप बदललं आणि पुढे माणूस मागे पडून रीतीलाच ते नाव चिकटलं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) नियमाआधी 'करणसूत्र' असं येतं. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवांनी मठ काढला, त्याला १२०७ साली दिलेल्या दानाचा शिलालेख आमच्या चाळीसगावजवळ पाटणला आहे. (विषयाशी संबंध थोडाच, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) 'करणसूत्र' मला फार आवडतो, पण तुमचा दुकानदार पुन्हा पूजेवर येईल.

रीलवाली:
रीत वगैरे कुणी म्हणत नाही हो. आम्ही रील बनवणारे म्हणतो, 'अल्गोरिदम बदललाय, रीच पडली', म्हणजे पोस्ट कमी जणांना दिसते. आणि तो पुल्लिंगी आहे, अगदी माणूसच: 'तो वर घेत नाही', 'त्याला रोज पोस्ट लागते'. माझा भाऊ शेअर बाजारात आहे, त्यांच्यात 'अल्गो लावलाय' एवढंच.

पाटीपेन्सिल:
माहितीपत्रकात 'तो वर घेत नाही' लिहून टाकतो मग!

आकडेमोड:
रीत शब्द चांगला आहे, पण अर्ध्याच कामाला पुरतो. 'हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं' ही यादी पाहा. ती कशी बनते ते अ‍ॅमेझॉनच्या लोकांनी २००३ साली लेख लिहून सांगितलं. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं शोधत बसायचं नाही, वस्तूंच्या जोड्या पाहायच्या: कोणत्या दोन वस्तू एकाच गिऱ्हाइकाने घेतल्या. त्याचं कोष्टक आधीच करून ठेवायचं, गिऱ्हाईक आलं की नुसतं वाचायचं. कोष्टक करणं ही रीत. त्यातून निघतो तो मात्र आडाखा. रवा घेतला की वाणी 'तूप देऊ का?' विचारतो, तसा. रीत नीट केली तर भागाकार चुकत नाही. आडाखा रीत नीट करूनही चुकतो.

'कॉग्निटिव्ह' बाजारात गाजवला आयबीएमने. त्यांच्या वॉटसन या संगणकाने फेब्रुवारी २०११ मध्ये जेपर्डी या अमेरिकी प्रश्नमंजुषेत दोन नामवंत विजेत्यांना हरवलं. पण त्याच खेळात अमेरिकेतल्या शहराचा प्रश्न होता, उत्तर शिकागो, आणि याने लिहिलं टोरंटो! पुढे पाच प्रश्नचिन्हं. गंमत अशी: खात्री कमी आहे एवढं त्याला आकड्यात कळत होतं. शिकागो कॅनडात नाही आणि टोरंटो आहे, हे 'कळणं' मात्र वेगळं. म्हणून 'बोध', 'संज्ञान' हे शब्द इथे मला जड वाटतात. मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'बोधनिक' चालतो, तिथे विषय मनाचा असतो. इथे अदमास आहे, आणि तो किती पक्का याचा दुसरा अदमास.

खानदेशी:
आडाखा मान्य. 'अदमासी संगणन' नको, अंदाजपंचे वाटतं.

रीलवाली:
आडाखा बांधतात ना? मग क्रियापदही आयतं मिळालं.

पाटीपेन्सिल:
असं केलं: 'तुम्ही काय पाहता, काय घेता यावरून आमचा अल्गोरिदम तुमच्या आवडीचे आडाखे बांधतो.' कॉग्निटिव्ह गाळला, कुणाचं अडलं नाही. दुकानदाराला वाचून दाखवलं. त्याची एकच शंका: "आडाखा म्हटल्यावर चुकला तर माल परत घ्यायला लावतील का?"