संवाद कळत नाहीत: आधी आवाज नीट लावायचा की थेट सबटायटल्स?

ध्वनिप्रेमी:
ओटीटीवर मराठी सिनेमा लावला की लगेच सबटायटल्स सुरू करायची सवय मला पटत नाही. बऱ्याचदा दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. ५.१ मिक्समध्ये (पाच स्पीकर आणि बाससाठी एक वेगळा, अशा सहा वाटांच्या आवाजात) संवाद मुख्यतः सेंटर चॅनलला, म्हणजे मधल्या स्पीकरला असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही पातळ आणि खाली तोंड केलेले. बाकीचे चॅनलही त्यातच घुसतात आणि पार्श्वसंगीत शब्दांवर चढतं. आधी एवढं करा: ऑडिओत ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा, टीव्हीचा 'सराउंड' बंद करा, बास दोन-तीन घर खाली आणा, 'क्लिअर व्हॉइस' असेल तर लावा. साउंडबार ३.१, म्हणजे डावा-उजवा-मधला स्पीकर आणि बासचा वेगळा, असा असेल तर फक्त सेंटर ३ डेसिबल वाढवा.

अक्षरवाचक:
असहमत. सेटिंगने रेकॉर्ड झालेलं उजळेल, रेकॉर्डच न झालेलं कुठून येणार? कॉलरमाइक पदराखाली दडवलेला, त्यात कापडाची सळसळ, वर नट वाक्याचा शेवट गिळतो. 'येतो' की 'येतोय' हे कुठल्याच साउंडबारला सांगता येणार नाही. मिक्स करणाऱ्यांना संहिता पाठ असते, म्हणून त्यांना ते ऐकू येतं! शिवाय वयानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं आणि स, श, त, क ओळखू येतात ते तिथूनच. आवाज वाढवला की स्वर दणदणतात, शब्द मात्र तितकाच अस्पष्ट राहतो. अशा माणसाला मेनूत फिरवत बसणं अन्याय आहे.

ध्वनिप्रेमी:
वयाचा मुद्दा मान्य. पण मराठी सिनेमाखाली बहुधा इंग्रजी ओळी असतात. पात्र मालवणीत 'खंय चललंस?' विचारतं, खाली 'व्हेअर आर यू गोइंग?' बोली गेली, आणि चेहरा बघायचं राहिलं ते वेगळंच. ओळ अर्धा सेकंद आधी उमटली तर विनोदही फुटतो.

अक्षरवाचक:
मग मागणी देवनागरी सबटायटल्सची करू या, बोली जशीच्या तशी ठेवून. फक्त ओळी नीट तोडायला हव्यात. इंग्रजीसाठी नेटफ्लिक्सची मर्यादा ओळीला ४२ अक्षरं, एका वेळी दोन ओळी, जास्तीत जास्त ७ सेकंद. मराठीत अक्षरं मोजून भागत नाही, कारण नकार शेवटी येतो. 'मी उद्या पुण्याला जाणार' एका पडद्यावर आणि 'नाही' पुढच्यावर गेला, तर तेवढा वेळ प्रेक्षक उलटाच अर्थ धरून बसतो. 'जाणार नाही' एकत्रच ठेवा, हवं तर 'मी उद्या' आधी जाऊ द्या.