मदत हवी आहे : बिल्डर एनसीएलटीत गेला, आईच्या फ्लॅटच्या पैशांचा दावा कसा करायचा?

मनवा

नमस्कार मंडळी. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका प्रकल्पाबद्दल विचारायचं आहे. बिल्डरचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

फ्लॅट आईच्या नावावर आहे, कर्जात मी सहअर्जदार. आई महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होती. निवृत्तीला मिळालेला फंड आणि वरून गृहकर्ज, असं करून २०१६ मध्ये बी विंगमध्ये वन बीएचके घेतला. करारनामा रजिस्टर आहे, ऐंशी टक्के रक्कम चेकने गेली आहे. ए विंगमध्ये ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसतानाच लोक राहायला आले. बी विंगचे स्लॅब पडलेत, पुढे काही नाही. लिफ्टचे खड्डे तसेच उघडे आहेत.

महारेराकडून (राज्याचं घरबांधणी नियामक प्राधिकरण) व्याजासह परताव्याचा आदेश आमच्या बाजूने आला. वसुलीचं वॉरंटही निघालं आणि तहसील कार्यालयात पडून राहिलं. तेवढ्यात एका फायनान्स कंपनीने बिल्डरला एनसीएलटीच्या (कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठापुढे नेलं, अर्ज दाखल करून घेतला गेला आणि पेपरात ‘धनकोंनी दावे सादर करावेत’, म्हणजे ज्यांचं कंपनीकडे येणं आहे त्यांनी, अशी जाहिरात आली. त्याच्या आधीपासून गेटवर मुंबई उच्च न्यायालयाच्या कोर्ट रिसीव्हरची पाटी आहे, ती दुसऱ्याच एका कर्जदात्याच्या दाव्यातली.

आता ताबा नेमका कोणाकडे, रिसीव्हरकडे की या नव्या आरपीकडे (दिवाळखोरीची प्रक्रिया चालवायला नेमलेला व्यावसायिक)? आमच्या आदेशाचं काय होणार? आईने पैसे मागावेत की घर? हप्ते चालूच आहेत, ते थांबवता येतील का? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जितकी माणसं तितकी मतं. आई रोज विचारते, "आपलं गेलं का गं सगळं?" तिला खरं आणि नीट उत्तर द्यायचं आहे. कृपया ज्यांना माहिती आहे त्यांनीच लिहा.

केदार_वकील

मनवाताई, आईंना सांगा, सगळं गेलेलं नाही. पण आधी दावा भरा, बाकी चर्चा नंतर.

जाहिरातीतली शेवटची तारीख साधारण १४ दिवसांची असते. ती उलटली तरी सध्याच्या नियमांप्रमाणे प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवस, किंवा आराखडे (कंपनी सावरण्याच्या योजना) मागवण्याची विनंती निघते तो दिवस, यांतलं जे उशिराचं असेल तोवर दावा घेतात. या सवलतीच्या भरवशावर मात्र बसू नका. आराखडा मंजूर झाला की त्यात नसलेले दावे संपतात, हे सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम मिश्रा खटल्यात २०२१ साली स्पष्ट केलं आहे. ‘आमच्याकडे आदेश आहे, वेगळा दावा कशाला’ म्हणून बसून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. नंतर त्यांना अपिलांत वर्षं घालवावी लागली.

घर घेणाऱ्यांचा अर्ज ‘फॉर्म सीए’. त्याला फी नाही. करारनामा, पावत्या, बँकेचे उतारे, कर्जाचं स्टेटमेंट आणि महारेराचा आदेश, सगळं जोडा. मुद्दल आणि व्याज वेगवेगळं दाखवा. त्याच फॉर्ममध्ये तीन व्यावसायिकांपैकी एकाला निवडायचं असतं, तो तुम्हा सगळ्यांचा अधिकृत प्रतिनिधी होतो. बरेच जण हा रकाना कोरा सोडतात. सोडू नका.

आदेशामुळे आईंचा दर्जा बदलत नाही, वरही जात नाही आणि खालीही नाही. २०१८ पासून घर घेणारे बँकांसारखेच ‘वित्तीय धनको’ आहेत, आणि ते पायोनियर अर्बन खटल्यात ऑगस्ट २०१९ मध्ये कायम झालं. एका प्रकरणात महारेरासारख्याच प्राधिकरणाचा आदेश मिळवलेल्यांना आरपीने वेगळ्या, कनिष्ठ वर्गात टाकलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये विशाल चेलानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भेद रद्द केला. आरपी तसं करायला लागला तर हा निकाल समोर ठेवा.

रिसीव्हरबद्दल : रिसीव्हर मालक नसतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मालमत्ता कोर्टाच्या वतीने सांभाळणारा अधिकारी, एवढंच. एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला की दिवाळखोरी कायद्याच्या कलम १४ ची स्थगिती लागू होते आणि कंपनीविरुद्धचे दावे, वसुली, जप्ती थांबते. कंपनीची मालमत्ता ताब्यात घेणं हे आरपीचं काम. पाटी काढून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जायचं ते त्यानेच, तुम्ही नव्हे. तहसीलमधलं तुमचं वॉरंट कंपनीविरुद्ध असेल तर तेही तूर्त थांबलं.

जुना_ठाणेकर

मला हे पटत नाही. एनसीएलटी म्हणजे बिल्डरला पळवाट. नोएडाच्या जेपी इन्फ्राटेकचं काय झालं? ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झालं आणि आराखड्याला मंजुरी मार्च २०२३ मध्ये मिळाली. कायद्यात ३३० दिवस लिहिलेत! मनवाताई, वॉरंटच्या मागे लागा, तहसीलदाराला भेटत राहा.

केदार_वकील

ठाणेकर, उशिराबद्दल तुमचा राग रास्त आहे आणि जेपीच्या तारखाही बरोबर आहेत. पण स्थगिती असताना तहसीलदार कंपनीच्या मालमत्तेला हात लावू शकत नाही, त्याला कितीही भेटा. आपल्याकडचंच उदाहरण घ्या : गोरेगावची पत्रा चाळ. विकासक कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर म्हाडाला स्वतःच्याच जमिनीचा ताबा परत हवा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थगिती चालू असेपर्यंत तो घेता येणार नाही. म्हाडाला जे जमलं नाही ते तहसीलदाराला कसं जमेल?

मात्र एक वाट खुली आहे. स्थगिती कंपनीला असते, तिच्या प्रवर्तकांना (प्रमोटरना) नाही. अंजली राठी खटल्यात २०२१ मध्ये हे ठरलं आहे. मनवाताई, आदेशाचा शेवटचा परिच्छेद बघा. प्रतिवादी कोण कोण आहेत? फक्त कंपनी, की जमीनमालकही?

मनवा

आत्ताच काढून पाहिला. कंपनी आणि जमीनमालक, दोघांनी ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ रक्कम द्यावी असं लिहिलंय! आमच्या आधीच्या वकिलांनी हे कधी समजावून सांगितलं नाही.

ए विंगमधले एक काका फार घाबरलेत. कंपनी विकायला काढली तर घराबाहेर काढतील का, असं विचारतात. आणि शेजारच्या वहिनींकडे करारनामाच नाही, फक्त अलॉटमेंट लेटर आणि पावत्या आहेत. काही रक्कम रोख दिलेली, तिची पावती नाही.

केदार_वकील

हे फार महत्त्वाचं निघालं. आरपीकडे दावा भराच, आणि त्याच वेळी जमीनमालकाविरुद्ध वॉरंट पुढे नेण्यासाठी महारेरात अर्ज करा. दोन्हीकडून मिळून आदेशापेक्षा जास्त रक्कम घेता येणार नाही, त्यामुळे दाव्यात हे स्पष्ट नमूद करा. जमीनमालक ‘जमीन माझी, ती प्रक्रियेत येत नाही’ म्हणेल. जमीन त्याची असेलही, पण विकासाचे हक्क ही कंपनीची मालमत्ता धरली जाते. तिथे आरपी आणि जमीनमालक यांच्यात वाद होईलच.

काकांना सांगा, कंपनी थेट लिक्विडेशनमध्ये (मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणं) गेली तरी ज्या घराचा ताबा आधीच दिला आहे ते लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरायचं नाही, असा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आहे. ताबापत्र, वीजबिल, मेंटेनन्सच्या पावत्या जपून ठेवा म्हणावं. ओसीची अडचण वेगळी, ती राहतेच.

वहिनींना अलॉटमेंट लेटर आणि पावत्यांवर दावा करता येतो, नियमात तसं स्पष्ट आहे. बिनपावतीच्या रोखीचं मात्र कठीण आहे. कंपनीच्या वहीत नोंद सापडली तरच.

शर्वरी_पुणे

मी या सगळ्यातून गेले आहे, पुण्याकडच्या एका प्रकल्पात. केदार कायद्याचं सांगताहेत, मी माणसांचं सांगते.

आराखडा मंजूर व्हायला धनको समितीत ६६ टक्के मतं लागतात. घर घेणाऱ्यांचं मत प्रतिनिधीमार्फत एकगठ्ठा जातं : ज्यांनी मतदान केलं त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त हिश्श्याचं जे म्हणणं, तेच सगळ्यांचं. तुम्ही विरोधात मत दिलंत तरी बहुमताचा निर्णय तुम्हाला बंधनकारक. आणि जे मतच देत नाहीत ते मोजलेच जात नाहीत. आमच्याकडे कितीतरी ज्येष्ठांना ई-मेलवर आलेली मतदानाची लिंकच उघडता आली नव्हती. आम्ही आळीपाळीने त्यांच्या घरी जाऊन बसायचो, लॅपटॉप घेऊन. मत त्यांचंच, आम्ही फक्त पान उघडून द्यायचो. तुमच्या ग्रुपला आत्तापासून ही सवय लावा. विंगप्रमाणे यादी करा, कोणाचा दावा भरला, कोणाचा राहिला, परदेशी कोण आहे.

पैसे की घर, याबद्दल माझं ठाम मत : बी विंगचे स्लॅब पडले असतील तर घर मागा. नवा बिल्डर येतो तो इमारत पूर्ण करून उरलेले फ्लॅट विकायला. त्याच्या हातात घर असतं, रोख नसते. परतावा मागणाऱ्यांना आमच्या आराखड्यात हप्त्यांनी आणि व्याज सोडून रक्कम मिळाली. लिक्विडेशन झालं तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणवाले धनको, आणि त्यानंतर आपण. तिथपर्यंत किती उरतं याचा विचार करा.

केदार_वकील

शर्वरीताईंशी सहमत. फॉर्ममध्ये रक्कम लिहावीच लागते, कारण मताचा हिस्सा त्यावरून ठरतो. पण रक्कम लिहिली म्हणून घरावरचा हक्क सोडला असं होत नाही. ‘सदनिकेच्या ताब्याचा हक्क राखून’ असं वाक्य सोबतच्या पत्रात घाला. व्याजाचा दर करारात ठरला नसेल तर मताच्या हिश्श्यासाठी वार्षिक ८ टक्के धरतात.

आराखडे प्रकल्पागणिक वेगवेगळे मागवता येतात. कंपनीचे इतर प्रकल्प रिकाम्या जमिनीवर अडकले असतील आणि तुमचा बराचसा बांधून झाला असेल, तर प्रतिनिधीमार्फत ही मागणी पहिल्याच बैठकीत लावून धरा. तुमचा प्रकल्प इतरांच्या कर्जाखाली दबता कामा नये.

मनवा

आणि हप्ते? कोणीतरी ग्रुपवर लिहिलं की स्थगितीमुळे आपलेही हप्ते थांबतात.

सीए_निरंजन

नाही! हे वाचून ज्यांनी हप्ते थांबवले असतील त्यांनी आजच बँकेत जा. स्थगिती बिल्डरच्या कंपनीला आहे, तुमचं कर्ज तुमचं आणि बँकेचं. हप्ता चुकला की सिबिल बिघडतो आणि बँक वसुलीला तुमच्याच मागे येते. झेपत नसेल तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि एनसीएलटीचा आदेश जोडा. कर्जाची उरलेली रक्कम नवा आराखडा येईपर्यंत बँकेने बिल्डरकडे पाठवू नये, हेही त्याच पत्रात लिहा. आणि बिल्डरविरुद्धचा दावा आईंनीच करायचा, बँक तुमच्या वतीने करेल असं समजू नका.

मनवा

सगळ्यांचे मनापासून आभार. दावा ई-मेलने पाठवला, पोच आली. आरपीच्या वेबसाइटवर यादीत आईचं नाव दिसतंय, रकान्यात ‘पडताळणी चालू’ असं आहे. शेजारच्या वहिनींचाही अर्ज आम्ही दोघींनी बसून भरला. बी विंगची यादी मी करतेय. चौदा जण सापडत नाहीयेत, त्यांतले काही आखाती देशांत आहेत असं कळलं.

केदार, एक शेवटचं. जमीनमालकाविरुद्धच्या अर्जाची प्रत आरपीलाही द्यायची का?

केदार_वकील

हो, द्या, आणि पोच घ्या. आखातातल्यांचे दावे ई-मेलने चालतात. त्यांच्याकडे करारनामा स्कॅन करून नसेल तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत इथला कोणीही काढू शकतो. ते काम या आठवड्यातच उरका.