‘प्लाझ्मा डॅमेज’: झीज, हानी की क्षती?

जिज्ञासू: गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाच्या पातळ थरांवरील एका तांत्रिक लेखाचे मराठी रूपांतर करत आहे. क्लोरीन आणि आरगॉनच्या प्लाझ्माने, म्हणजे आयन (विद्युत्-भारित अणू) आणि सुटे इलेक्ट्रॉन असलेल्या वायूने, थर कोरताना पृष्ठभाग बिघडतो, त्या ‘डॅमेज’साठी मी ‘झीज’ योजले आहे. मजकूर तपासणारे मात्र ‘हानी’वर ठाम आहेत. आपण काय लिहाल?

तनुपटल: ‘झीज’ मुळीच नको. झिजण्यात द्रव्य निघून जाते आणि कोरकामात तर तोच हेतू असतो. प्रश्न मागे उरलेल्या द्रव्याचा आहे. आदळणाऱ्या आयनांची ऊर्जा अनेकदा शेकडो इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि स्फटिकातला अणू जागेवरून ढकलायला ती पुरते. या थरातून नायट्रोजन गॅलियमपेक्षा सहज निसटतो, त्याच्या रिकाम्या जागा इलेक्ट्रॉन पुरवू लागतात, आणि मॅग्नेशियम मिसळून मुद्दाम पी-प्रकारचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांची उणीव असलेला, केलेला थर पृष्ठभागालगत आपला गुण गमावतो, त्यामुळे त्यावर धातूचा चांगला विद्युत्-जोड जमत नाही. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या थराची ही अवस्था ‘क्षती’च आहे. ‘क्षत’ म्हणजे जखम. ‘अक्षता’, म्हणजे न मोडलेले तांदूळ, हा शब्दही त्याच ‘क्षन्’ धातूचा.

रूढिप्रिय: व्युत्पत्ती पटली, तरी बोलताना ‘क्षती’ कोण म्हणते? माझे वडील यंत्राच्या भागांना पॉलिश करत आणि ओरखडा दिसत नसला तरी ‘हा भाग दुखावला आहे’ असे म्हणत. हाड दुखावते, झाड दुखावते, तसा पृष्ठभागही दुखावतो. जिवंत क्रियापद असताना संस्कृत नामाकडे धावण्याची सवय परिभाषाकारांनी सोडली पाहिजे.

तनुपटल: क्रियापद सुंदर आहे, पण ‘दुखावण्याचे मापन’ असे शीर्षक कसे द्यावे? परिभाषेला नाम लागते.

मिथिल: ‘हानी’ला इतक्या लवकर बाद करू नये. ‘हा’ धातूचा अर्थ सोडणे, टाकणे असा आहे. चिपमधील तारांभोवतीच्या सच्छिद्र निरोधक थरावर ऑक्सिजनचा प्लाझ्मा सोडला की सिलिकॉनला जोडलेले मिथिल गट निघून जातात, तिथे पाणी ओढणारे हायड्रॉक्सिल गट येतात, थर हवेतील ओलावा शोषतो आणि मुद्दाम कमी ठेवलेला त्याचा पारविद्युत् स्थिरांक (विद्युत्-क्षेत्रात भार साठवण्याच्या क्षमतेचे माप) वाढतो. इथे खरोखरच काहीतरी गमावले गेले आहे, म्हणून ‘हानी’ अचूक बसते. एकाच शब्दाने सगळे प्रकार झाकण्याचा हट्ट मला मान्य नाही.

विद्युत्-पट: मग इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडचे काय? पडद्यांच्या ट्रान्झिस्टरमध्ये त्यावर आरगॉनचा प्लाझ्मा हेतुपुरस्सर सोडतात, कारण ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा वाढून तेवढा भाग अधिक वाहक होतो. तेच आयन, तशाच रिकाम्या जागा, पण त्यांना क्षती म्हणणे अन्यायाचे आहे. ‘पृष्ठभागातील बदल’ म्हणावे आणि तो इष्ट की अनिष्ट हे वाक्यात सांगावे.

शुद्धलेखक: ‘क्षती’साठी एवढा आग्रह आणि ‘प्लाझ्मा’ मात्र तसाच? ‘आयनद्रायू’ आपल्या परिभाषेत आहे.

रूढिप्रिय: ‘आयनद्रायू’ वाचून कोणत्या विद्यार्थ्याला काय समजेल? ‘प्लाझ्मा’ आता मराठीच आहे, जसा ‘टेबल’.

शुद्धलेखक: ‘द्रव’ आणि ‘वायू’ दोन्ही येणारा मुलगा ‘द्रायू’ (वाहू शकणारा पदार्थ) लगेच ओळखतो. शब्द शाळेत दिलेच नाहीत, तर ते रुळणार कसे?

तनुपटल: ‘दुखावणे’ मानणाऱ्यांना माझा एक प्रश्न उरतो. आयन पोहोचत नाहीत तिथेही प्लाझ्मातून निघणारा अतिनील प्रकाश निरोधक थरातले बंध तोडतो. मार बसलेलाच नाही, अशा थराला दुखावलेला म्हणायचे का?