मदत हवी आहे: पाचवी पायरी ऐकतोय, पण वहीत नुसताच अपराधीपणा आहे

नमस्कार मंडळी,

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए) बारा पायऱ्यांच्या वाटेवर माझी दारू सुटून बरीच वर्षं झाली, पण स्पॉन्सर म्हणून, म्हणजे नव्या माणसाला पायऱ्यांमधून नेणारा जुना सभासद म्हणून, कुणाची पाचवी पायरी (आपल्या चुका दुसऱ्या माणसापुढे कबूल करणं) ऐकायची ही पहिलीच वेळ. ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांचा सल्ला हवाय. त्या मित्राला विचारूनच लिहितोय, आणि त्याची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही.

चौथ्या पायरीसाठी, म्हणजे स्वतःचा लेखी आढावा म्हणून, त्याने वही भरून आणली. मनापासून लिहिलंय, त्यात शंका नाही. राग कोणावर, कशाबद्दल, त्याने माझं काय दुखावलं आणि त्यात माझा वाटा काय, असे नेहमीचे चार रकाने आखले होते. त्यातला शेवटचा रकाना गच्च भरलाय, पहिले तीन जवळजवळ कोरे. 'माझा कोणावरच राग नाही, सगळं माझंच चुकलं.' मग पानंच्या पानं 'मी नालायक', 'मी घराचं वाटोळं केलं'.

'वडिलांना फसवलं' या ओळीवर मी त्याला थांबवलं. म्हटलं, नेमकं काय झालं ते सांग. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, वडिलांच्या औषधाचे पैसे आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन निघालो, पैसे दारूत गेले, आणि घरी येऊन सांगितलं की दुकान बंद होतं. वडील म्हणाले, "बरं, उद्या आण." चिठ्ठी खिशातच होती. एवढं सांगताना त्याला रडू कोसळलं. वहीभर 'नालायक' लिहिताना ते आलं नव्हतं. १९३९ साली पायऱ्या छापल्या गेल्या तेव्हापासून पाचवीत आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप कबूल करायला सांगितलंय. स्वतःला शिव्या घालायला कुठेच सांगितलेलं नाही, आणि मला वाटतं त्या शिव्यांच्या आड तो लपतोय.

खरी अडचण पुढेच आहे. वहीतले बरेच प्रसंग त्याला आठवतच नाहीत. दारूच्या ब्लॅकआउटमध्ये माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण मेंदूत त्या वेळेची आठवण साठवलीच जात नाही. तुटक ब्लॅकआउट असेल तर कुणी खूण सांगितल्यावर थोडंफार आठवतं. पूर्ण असेल तर कितीही डोकं ताणलं तरी काही परत येत नाही. या रिकाम्या रात्री त्याने मोठ्या भावाच्या सांगण्यावरून भरल्यात. भावाने जे सांगितलं ते जसंच्या तसं, 'मी केलं' म्हणून. आणि भावाचं नाव निघालं की याचा जबडा आवळतो. तरी पहिल्या रकान्यात भाऊ नाही!

मी त्याला म्हटलं, 'मला आठवत नाही, भावाने असं सांगितलं' एवढंच लिही, तेच खरं आहे. त्याला ती पळवाट वाटते. मला ती पळवाट वाटत नाही, पण माझं बरोबर आहे का? भाऊ खोटं बोलतोय असं मला सुचवायचं नाही. कदाचित सगळं तसंच घडलं असेल.

आणखी एक. त्याला झोप लागत नाही, म्हणून जीव द्यायचे विचार येतात का, असं मी सरळच विचारलं. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत, हे मी डॉक्टरांकडूनच ऐकलंय. नाही म्हणाला. तरीही मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लावलंय, कारण तिथे स्पॉन्सरचं काम संपतं. या बाबतीत मी ठाम आहे, त्यामुळे 'मीटिंगला नियमित आला की सगळं ठीक होईल' असं कृपया लिहू नका.

तर विचारायचं हे: वही परत देऊन पहिले तीन रकाने आधी भरून आण म्हणावं, की हीच वही पुढे ऐकत एकेका ओळीवर थांबावं? परत दिली तर 'हेही मला जमलं नाही' म्हणून त्याच शेवटच्या रकान्यात आणखी एक ओळ वाढेल, ही भीती वाटते. आणि भावावरचा राग मी काढून दाखवावा, की त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबावं? तो लगेच भावाची माफी मागायला निघालाय. नववी पायरी, म्हणजे दुखावलेल्यांची भरपाई करायची पायरी, अजून लांब आहे, असं सांगून सध्या थांबवलंय.

रविवारी पुन्हा बसायचं ठरलंय. त्याआधी कुणी स्वतःच्या अनुभवातून लिहिलं तर फार मदत होईल.